आठच्या रकान्यात

पडद्यावरच्या बत्तीस रेघांपैकी एकतीस रेघा एकाच तारखेला पायरी उतरल्यासारख्या खाली आल्या आणि एक आली नाही, एवढंच झालं होतं. टेबलावरचा चहा अजून गरम होता, शेजारची कारकून बाई फोनवर आपल्या मुलीच्या दुखऱ्या दाढेबद्दल बोलत होती, खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. आणि तपासनीसाला मात्र आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा छातीत हिसका बसला. जुन्या हवामानाच्या नोंदवह्या संगणकात भरल्या गेल्या की त्या तपासायच्या, हे त्याचं काम. अठ्ठावीस वर्षं तो तेच करत होता. प्रदेशभरातल्या बत्तीस केंद्रांवर बत्तीस माणसं रोज सकाळी आठ वाजता जाळीच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडत, तापमापकाकडे बघत आणि रकान्यात आकडा लिहीत. ती माणसं त्याने कधी पाहिली नव्हती, पण अक्षरावरून तो त्यांना ओळखायचा. नऊ नंबर उतावळा, शून्य अर्धवट सोडणारा. बावीस नंबर दारू पीत असावा, महिन्याच्या सुरुवातीला त्याचे आकडे तिरके जात. सतरा नंबर मात्र सव्वीस वर्षं एकाच वळणाचं, एकाच दाबाचं अक्षर, जणू एका बैठकीत लिहून काढलंय. आणि आता हाच सतरा नंबर ओळीतून बाहेर उभा होता. त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात एका रविवारी एकतीस केंद्रांचं सकाळचं तापमान दीड-दोन अंशांनी उतरलं, अडीच महिने तसंच खाली राहिलं, मग पुन्हा एका रविवारी जागेवर आलं. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. सतरा नंबरला याची खबरच नव्हती.

त्याच्या वरिष्ठ असलेल्या मॅडम त्याच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान होत्या आणि हुशार होत्या, हे तो कुणापुढेही कबूल करायचा. त्यांनी उभ्या उभ्याच पडद्याकडे पाहिलं. "संगणक काय म्हणतो?"

"संशयास्पद म्हणतो. सतरा नंबर."

"मग काढून टाका."

"सव्वीस वर्षांची नोंद आहे, मॅडम. एकही महिना चुकलेला नाही."

"दोन उन्हाळे बिघडलेला तापमापक वापरला असेल, तर बाकीच्यावर तरी भरवसा कसा ठेवायचा? एकतीस जण चुकले आणि एकटा बरोबर, असं कधी होतं का हो?"

"होत नाही," तो म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत वरिष्ठांना हो म्हणण्याची जिभेला सवय लागली होती. मन मागून लंगडत यायचं. "पण ऐन उन्हाळ्यात अडीच महिने गारठा, आणि तोही एकाच दिवशी सगळीकडे?"

"म्हणूनच तर नोंदी ठेवतो ना आपण. आठवणींवर चाललं असतं, तर हे खातं कशाला हवं होतं?" मॅडम हसल्या. "यादी शुक्रवारी पाठवायची आहे."

त्याने वगळायच्या केंद्रांच्या यादीत सतरा लिहिलं. पुढे कारणाचा रकाना होता, त्यात तारीख लिहायची होती. तारीख लिहिता लिहिता हात थांबला. हा आकडा, हा महिना, हे वर्ष या हाताने आधी कधीतरी लिहिलं होतं, शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर, चौकटीत: 'आज दादा गेला.'

दादा गेला म्हणजे नोकरीला गेला, दूर, दोन समुद्र ओलांडून. पण नऊ वर्षांच्या पोराला गेला या शब्दाचे दोन अर्थ सारखेच वाटतात. नाना, म्हणजे वडील, आणि दादा सामान घेऊन सकाळीच बसस्थानकावर गेले. "अकराची बस आहे, साडेदहापर्यंत या," असं नाना दारातून म्हणाले. आई डबा करायला मागे राहिली, आणि तो आईसोबत राहिला, कारण डबा उचलायला कुणीतरी हवं होतं. तपासनीस खुर्चीत टेकून बसला आणि पडद्यावरच्या रेघा धूसर झाल्या. त्याला पहिल्यांदा आठवला तो रस्ता. डांबर मऊ झालं होतं. आईच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा तिने दोन्ही चपला हातात घेतल्या आणि चटके बसू नयेत म्हणून ती भिंतींच्या कडेकडेने, सावलीच्या बोटभर पट्टीतून चालू लागली; तो डबा छातीशी धरून मागे. डबा गरम, अंगातला सदरा ओला, डोळ्यांत घाम. बसस्थानकावर ते पोचले, तेव्हा नाना एकटेच बाकावर बसले होते आणि फलाटाची जागा मोकळी होती. स्थानकाच्या मोठ्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. "कुठे होतात?" नाना म्हणाले. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. आईने घड्याळाकडे पाहिलं, मग उन्हाकडे, मग स्वतःच्या पायांकडे. "आपण वेळेवर आलोय," ती म्हणाली. आणि तो, नऊ वर्षांचा, सगळ्यांसमोर ओरडला होता, "तुझ्यामुळे! सगळं तुझ्यामुळे झालं!"

तुझ्यामुळे, कारण आदल्या संध्याकाळी नानांनी बाहेरच्या खोलीतलं घड्याळ एक तास पुढे केलं होतं. सरकारचा हुकूम होता. उन्हाळ्यात तासभर लवकर उठा, वीज वाचवा. नाना स्वयंपाकघरातल्या घड्याळाला हात लावायला गेले, तेव्हा आई म्हणाली होती, "माझ्या घड्याळाला हात लावायचा नाही. तुम्ही काटा पुढे केलात म्हणून दूध लवकर तापणार आहे का?" सगळे हसले होते, तोही. पुढे हे बोलणं घरातला विनोद झालं आणि आईचा हट्ट ही गोष्ट झाली. मोठेपणी त्याने ती आपल्या बायकोलाही सांगितली, मुलांनाही सांगितली. आई तिथेच बसून भाजी निवडत असायची आणि कधी एका शब्दाने बोलली नाही. ती जाऊन आता चौदा महिने झाले होते.

पण गारठा नव्हता. हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो खुर्चीतून उभाच राहिला. डांबर मऊ झालं होतं, म्हणजे त्या दिवशी थंडीची लाट नव्हती, ढग नव्हते, काहीच नव्हतं. हवा होती तशीच होती. हललं होतं ते घड्याळ! एकतीस माणसांनी हुकमाप्रमाणे नव्या आठला पेटी उघडली, म्हणजे जुन्या सातला. उन्हाळ्यात सात आणि आठ यांच्यात ऊन किती चढतं, हे कुणालाही ठाऊक असतं. सूर्य तासभर मागे, पारा दोन अंश खाली. मॅडमचा तेव्हा जन्म झाला नव्हता. दोन उन्हाळ्यांनंतर सरकारने तो प्रयोग गुंडाळला. सकाळच्या अंधारात घरोघर जास्तीचे दिवे लागले, वाचवलेली वीज तिथेच गेली, आणि या भागात उन्हाळ्या-हिवाळ्याच्या दिवसांत फरक तो केवढा, फार तर तासा-दीड तासाचा. तेव्हापासून इथली प्रमाणवेळ बारा महिने एकच. इतकी एकच, की ती कधी काळी हलली होती, हेही लोक विसरून गेले.

तळघरात जायला परवानगी लागते, पण किल्ली त्याच्याकडेच असायची. सतरा नंबरची ती वही त्याने खिडकीपाशी नेऊन उघडली. वेळेच्या रकान्यात ओळीने लाल शाईचे आठ होते. संगणकात भरणाऱ्याने तेच भरले होते आणि त्याची काही चूक नव्हती. तपासनीसाने पान उजेडाकडे तिरकं धरलं. लाल आठच्या खाली, खोडलेला, तरी ठसठशीत, त्या जुन्या ओळखीच्या वळणाचा निळा नऊ होता. रोज नऊ. सत्त्याहत्तर दिवस नऊ, आणि सत्त्याहत्तर वेळा मुख्य कार्यालयातल्या कुणीतरी तो खोडून आठ केलेला. समासात बारीक अक्षरात एकच ओळ होती: 'घड्याळ पुढे सरकले आहे. नोंद जुन्या आठची.' तो ती ओळ वाचत राहिला. पहिल्यांदा त्याला मत्सर वाटला आणि मग लाज. अठ्ठावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका शोधत आला होता. इतकी शांत, इतकी बिनआवाजाची बरोबर असलेली गोष्ट त्याच्या हाताखालून किती वेळा गेली असेल आणि किती वेळा त्याने यादीत तिचा नंबर लिहिला असेल?

मॅडमनी वही स्वतःच्या हाताने उजेडात धरून पाहिली. "हा माणूस जिवंत आहे का?" त्यांनी विचारलं. "असेल तर लेखी घ्या. लाल शाईखालचा आकडा म्हणून पुढे पाठवला, तर वरचे मला वेड्यात काढतील. सोमवारपर्यंत यादी मी थांबवते."

शाळेला फोन केल्यावर कळलं, हयात होती. पण माणूस नव्हता, बाई होती. नोंदवहीवर 'निरीक्षक, प्राथमिक शाळा' एवढंच असल्यामुळे इतकी वर्षं ते अक्षर त्याने पुरुषाचं धरलं होतं. रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन निघाला, तेव्हा बायको म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कुठे?"

"एका बाईंकडे."

"बरं. वय?"

"ब्याऐंशी."

"मग जा," बायको म्हणाली.

बस चार तास पश्चिमेकडे गेली, प्रदेशाच्या पार टोकाला. शाळेच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं, दारात दोरीवर धुतलेली चादर. सुनेने त्याला आत घेतलं. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, लहानशा, पाठीत ताठ. तो खात्यातून आलाय म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि त्याला असं न्याहाळलं, की त्याचे हात आपोआप मागे गेले.

"बसा. वही हरवली म्हणून आलात?"

"नाही बाई. वही आहे. नऊबद्दल विचारायला आलो."

बाई हसल्या. वरच्या ओळीत दोनच दात होते. "त्रेचाळीस वर्षं लागली तुम्हाला."

मग त्या सांगू लागल्या. खात्याचा माणूस पेटी घेऊन आला, तेव्हा हेडमास्तरांनी ती शाळेतल्या सगळ्यांत नव्या शिक्षिकेच्या गळ्यात घातली, आणि सगळ्यांत नवी शिक्षिका त्या होत्या. शाळा साडेआठला भरायची, नोंद आठची. काही अडचण नव्हती. हुकूम आला आणि घड्याळ पुढे गेलं, तेव्हा त्यांची आठची नोंद नव्या नऊला आली, म्हणजे ऐन तासात. शाळा असेल त्या दिवशी त्या खडू खाली ठेवून वर्गाबाहेर जायच्या, पेटी उघडायच्या, आकडा बघून यायच्या. तीन मिनिटं. चाळीस पोरं तीन मिनिटं गप्प बसायची, कारण परत आल्यावर बाई आकडा फळ्यावर लिहायच्या आणि कालच्यापेक्षा जास्त की कमी, यावर पोरांच्या पैजा लागायच्या. हेडमास्तरांनी लेखी जाब विचारला. खात्याचं पत्र आलं, सरकारी वेळ पाळावी. मग खात्याचा तपासणारा आला.

"मी त्याला म्हटलं, अहो, परिपत्रकाची एक प्रत सूर्याला पाठवलीत का? त्याला आवडलं नाही. तुमच्यासारखा नव्हता तो, हसायचा नाही."

"पण बाई, एवढा त्रास कशासाठी? एकतीस जणांनी हुकूम पाळला."

बाईंनी उत्तर द्यायच्या आधी खिडकीबाहेर, अंगणातल्या खांबाच्या सावलीकडे पाहिलं. "पोरांना मी काठी रोवून सावली मोजायला लावायचे. आपल्या गावात सावली सगळ्यांत आखूड कधी होते? बारा वाजता नाही. बारा वाजून सदतीस मिनिटांनी, कमीजास्त. आपण पार पश्चिमेला. प्रमाणवेळ तिकडे मध्यावरच्या रेषेवरून धरलेली. म्हणजे आमचं घड्याळ तसं जन्मापासूनच खोटं."

"मग खोटंच आहे, तर आणखी एक तासाने काय बिघडलं?"

"हेच त्या तपासणाऱ्याने विचारलं होतं." बाईंनी बोट वर केलं, आणि तो पुन्हा चौथीच्या वर्गात जाऊन बसला. "खोटं असेना का, पण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आणि रोज तेवढंच. सदतीस मिनिटं म्हणजे सदतीस मिनिटं, आजही, उद्याही. त्याच्यावर हिशेब मांडता येतो. मला खरी वेळ कुठली, ते काय ठाऊक? मला एवढंच बघायचं होतं, की कालच्या आणि आजच्या आकड्यात फरक पडला, तर तो हवेचा असावा. माझा नसावा."

सून चहा ठेवून गेली. तपासनीसाच्या हातात कप होता आणि तो प्यायचं विसरला होता. असं वाक्य कुणी त्याला खात्यात रुजू होताना सांगितलं असतं, तर! प्रशिक्षणात तीन महिने त्यांना तक्ते शिकवले होते. वाक्य एकही नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ती शिक्षिका उभी राहिली, उन्हात, पेटीचं दार उघडून, पाठीमागे गप्प बसलेली चाळीस पोरं, आणि सगळ्या प्रदेशात त्या क्षणी घड्याळाच्या नव्हे तर हवेच्या बाजूने उभी असलेली ती एकटीच. आणि मग, त्याला नको असताना, स्वयंपाकघरातलं घड्याळ. आईने कुठली नोंद ठेवली नव्हती. तिला रेषा, अंश काही ठाऊक नव्हतं. पण दूध तापायला तेवढाच वेळ लागतो, हे ती बोलली होती आणि ते चूक नव्हतं. चूक एवढीच, की बस नानांच्या घड्याळावर सुटणार होती आणि दारातून जाताना नानांनी नुसतं अकरा म्हटलं. कुठले अकरा, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आपण वेळेवर आलोय. ती स्वतःला वाचवत नव्हती. आपल्या पायांखालचं ऊन बघून तिने दिसलं ते सांगितलं होतं, आणि मग आयुष्यभर आपल्या जेवणाच्या टेबलावर ती गोष्ट दुसऱ्या तोंडून, दुसऱ्या आकड्याने ऐकत राहिली होती. त्याने कप खाली ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं आणि जे बोलायचं होतं, ते या बाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून त्याने पिशवीतून कागद काढले. बाईंच्या सव्वीस वर्षांच्या नोंदी त्याने छापून आणल्या होत्या, त्यांना दाखवायला. गठ्ठा विटेएवढा झाला होता. बाईंनी तो दोन्ही हातांनी मांडीवर घेतला. "एवढं मी लिहिलं?" त्यांनी भिंग मागवलं. पानं त्या वरपासून चाळणार, असं त्याला वाटलं, पण त्यांनी थेट मधलं एक वर्ष काढलं, महिना काढला आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

"हा आकडा कुठून आला?"

"कुठला, बाई?"

"हा. चोवीस पूर्णांक तीन. हा मी लिहिलेला नाही. ही जागा कोरी होती."

तपासनीसाचे कान गरम झाले. "एखादी जागा कोरी असली, तर संगणक आपणहून भरतो. आजूबाजूच्या केंद्रांची सरासरी काढून."

"म्हणजे मी झोपले होते आणि शेजाऱ्यांनी भरला?"

सून दारातून हसली. बाई हसल्या नाहीत. "मुलाला गोवर आला होता. तीन दिवस मी पाठ टेकली नव्हती. साडेसातला त्याचा ताप उतरला आणि मला बसल्या बसल्या डोळा लागला. उठले तेव्हा नऊ वाजून गेले होते. धावत पेटीपाशी गेले. पारा बघितला. पण नऊचं तापमान आठच्या रकान्यात कसं लिहायचं? सव्वीस वर्षांत तेवढा एकच दिवस आहे, मी तो कोरा ठेवला. खूप रडले होते त्या दिवशी, हसाल तुम्ही."

"नाही हसत."

"बाकी तुम्ही बत्तीसचं काय करायचं ते करा. मला वगळलंत तरी चालेल. पण ही जागा कोरी करा."

त्याने लेखी जबाब घेतला. त्यात बाईंनी स्वतःच्या हाताने सही केली. अक्षर थरथरत होतं, पण वळण तेच. परतीच्या बसमध्ये खिडकीतून तिरकं ऊन येत होतं आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना मैलागणिक सूर्य थोडा थोडा पुढे जातोय, तरी सगळ्या गावांच्या चौकांतली घड्याळं एकच वेळ दाखवतायत, हे तो आयुष्यात पहिल्यांदा नीट बघत होता. रोज ज्याच्यावर उठला, जेवला, कामाला गेला, ती ही केवढी मोठी समजूत! कुणाचीच पूर्ण खरी नाही आणि म्हणून सगळ्यांची. त्याला आईला हे सांगावंसं वाटलं. ती म्हणाली असती, जेवून घे आधी. माफी मागितली असती, तर तिला कळलंही नसतं कशाची, किंवा कळलं असतं आणि तिने भाजीवरची नजर उचलली नसती. यातलं काय झालं असतं, हे तो ठरवू शकला नाही. बस एका गावात थांबली, माणसं चढली, उतरली. त्याने डोळे पुसले आणि शेजारच्याला वाटलं, धूळ गेली.

सोमवारी मॅडमनी जबाब दोनदा वाचला. मग त्यांनी यादीतल्या सतरावर स्वतःच्या पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, "म्हणजे आता एकतीस दुरुस्त करायचे आणि ते सतराच्या आधाराने. किती काम वाढवलंत हो तुम्ही!" पण त्यांचा आवाज खुशीत होता. जाता जाता त्या वळल्या. "त्या बाईंना खात्यातर्फे एक पत्र पाठवू. मजकूर तुम्ही लिहा, मला नाही जमायचं."

मॅडम गेल्यावर त्याने बाईंचं ते वर्ष उघडलं, तो महिना, ती ओळ. चोवीस पूर्णांक तीन. आकडा पुसला. पडद्यावर चौकट आली: 'जागा रिकामी आहे. सरासरीने भरायची?' त्याने नाही दाबलं. चौकट पुन्हा आली, रिकाम्या जागेमुळे वार्षिक सरासरी अपूर्ण राहील, खात्री आहे का? शेजारची कारकून बाई वाकून बघत होती. "एका दिवसाने असा काय फरक पडतो?" ती म्हणाली.

"काहीच नाही पडत," तपासनीस म्हणाला आणि त्याने हो दाबलं. सव्वीस वर्षांच्या त्या भरगच्च रकान्यात एक पांढरी जागा उघडली, एका झोपेएवढी.